दमाईच्या डोंगरावर दुपारी घंटा का वाजत नाही

दुपारी बरोबर बारा वाजता, सावली पायात येते तेव्हा, आमच्या सात बहिणींच्या डोंगरावर घंटा वाजत नाही. वाजवायचीच नाही, अशी चाल आहे. पायऱ्या चढणारा माणूस त्या वेळी जिथं असेल तिथं खाली बसतो. बसला की आधी आपल्याबरोबरच्या माणसांना एकेकाला नावानं हाक मारतो. सगळ्यांची ओ आली की मग पाण्याचा घोट घेतो. एखाद्याची ओ आली नाही तर उठून बघायला जातो. देवीकडं नाही, मागं. सावली अंगठ्याच्या पुढं जराशी सरकली की वरची घंटा वाजते आणि लोक उठतात. ही चाल अशाच एका बाराच्या वेळेपासून पडली, असं सांगतात.

बाहेरून आलेली माणसं विचारतात, हे असं का? डोंगराच्या पायथ्याला आमचं खणा-नारळाचं दुकान आहे, पाण्याचे माठ आहेत, त्यामुळं विचारतात ते आम्हालाच. पूर्वी आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दुकानाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायच्या. आता त्यांना फार बोललं की खोकल्याची ढास लागते. म्हणून त्यांनी सांगितलं तसं मी लिहून ठेवते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत झालंय, तेव्हा काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र चुकू देणार नाही. कारण या गोष्टीत जे काही घडलं ते एका शब्दाच्या चुकीनं घडलं.

आधी डोंगर समजून घ्या. आमचा हा माणदेशाच्या कडेचा मुलूख, पाऊस कमी. डोंगर उघडाबोडका आहे, सावलीला मोठं झाड नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत देवीची सात ठाणी आहेत. ठाणं म्हणजे देऊळ नव्हे, शेंदूर लावलेली शिळा आणि पुढं जरा सपाट जागा. देऊळ, गाभारा, घंटा हे फक्त माथ्यावरच्या सातवीला. या सात सख्ख्या बहिणी म्हणे. त्यांना नावं नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी असंच म्हणायचं. एका तिसरीला तेवढं नाव आहे, दमाई. तिच्या ठाण्याच्या बाजूला कपारीच्या सावलीत काळा सपाट दगड आहे आणि त्यावर कायम एक घोंगडं अंथरलेलं असतं. वर जाताना तिथं टेकल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि टेकल्यावर धाप पुरती बसेपर्यंत देवीकडं काही मागायचं नाही. पायऱ्यांना अजून कठडा नाही, लेकरांचे हात धरून ठेवा, एवढं मात्र माझं सांगणं आहे. ते गोष्टीतलं नाही.

आता गोष्ट.

फार पूर्वी, पायऱ्यासुद्धा नव्हत्या तेव्हा, इथून बऱ्याच लांबच्या एका गावात भिवा सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. त्याच्या बायकोचं नाव हौसा. त्यांना एकच मुलगी, राई. राई चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला ऐकू सगळं यायचं. हाक मारली की वळून बघायची, हसायची, धावत यायची. पण तोंडातून शब्द नाही. हाकेला ओ नाही. आई म्हणून कधी म्हणाली नाही.

शेजारच्या बायका तोंडावर गोड आणि पाठीमागं तिखट. "सणगराच्या घरात लोकर फार, पोरीच्या नरड्यात गेली असंल," असं म्हणायच्या. हौसाला ते ऐकू जायचं. रात्रंदिवस तिला एकच घोर लागला होता. आपण मेल्यावर या पोरीनं पाणी तरी कुणाकडं आणि कसं मागायचं?

भिवा तसा शांत माणूस. मागावर बसला की दिवस मावळेपर्यंत मान वर करायचा नाही. धागा तुटला तर तिथंच थांबून गाठ मारायचा, मगच पुढं विणायचा, कारण एक धागा तसाच सोडला तर सगळं घोंगडं तिरकं येतं. पण लेकीच्या बाबतीत त्याला तेवढा धीर नव्हता, असं आत्या सांगायच्या. कुणी म्हणालं अमक्या देवाला गुण येतो की निघाला. जायचं, अंगारा लावायचा, दोरा बांधायचा, लगेच माघारी यायचं. आठ दिवस वाट बघायची. पोर बोलली नाही की पुढचा देव. राईच्या गळ्यात इतके दोरे झाले होते म्हणे की मान दिसत नव्हती. हौसा प्रत्येक वेळी बरोबर जायची. घरी बसून राहण्यापेक्षा चालत राहिलेलं तिला बरं वाटायचं. चालताना आपण लेकीसाठी काहीतरी करतोय असं वाटतं ना, तसं.

तेव्हा आपल्या या डोंगराबद्दल एक जुनं सांगणं होतं. इथली म्हातारी माणसं म्हणायची, "सात बहिणी दमानं कराव्या." दमानं म्हणजे सावकाश. एकेकीपाशी बसावं, तिचं तोंड बघावं, आपलं गाऱ्हाणं नीट सांगावं, मग दुसरीकडं जावं. एका खेपेत सगळ्या झाल्या नाहीत तर पुन्हा यावं. बहिणी कुठं पळून जात नाहीत.

हे सांगणं माणसांच्या तोंडून फिरत फिरत बाजाराच्या गावी गेलं. तिथं गर्दीत, ओरडाआरड्यात, कुणीतरी ते अर्धंच ऐकलं आणि पुढं सांगताना "एका दमात कराव्या" असं सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते जास्त आवडलं. एका दमात, म्हणजे मध्ये कुठं न बसता, एका फटक्यात. मग त्यात आणखी एकानं भर घातली की सावली पायात यायच्या आत सातही बहिणी झाल्या तर मागितलेलं त्याच दिवशी मिळतं. खोटं बोलावं असं कुणाच्या मनात नव्हतं. पण "दमानं" घरीच राहिलं आणि "एका दमात" गावोगाव गेलं.

भिवा घोंगडी विकायला बाजारात गेला होता तिथं त्याच्या कानावर हे आलं. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता तो म्हणाला, "हौसे, आता दोरं न्हाई, अंगारं न्हाई. एक दिवस. एका दिवसात काम हुतंय."

हौसा म्हणाली, "एका दिवसात?"

"एका दिवसात कुठलं, दुपारच्या आतच."

चैत्रातल्या जत्रेला ते निघाले. झुंजुमुंजू व्हायच्या आधीच हौसानं अंधारात चाचपडत लेकीला परकर नेसवला, सात खण, सात नारळ आणि तांदूळ गाठोड्यात बांधले. दिवस उगवायला ते पायथ्याला आले. आता आमचं दुकान आहे ना, तिथं तेव्हा माथ्यावरच्या गुरवाची म्हातारी आई बसायची. सगळे तिला थोरली म्हणायचे. तोंडात एक दात नव्हता. तिनं या तिघांची गडबड बघितली. भिवाच्या खांद्यावर पोर, हौसाच्या डोक्यावर गाठोडं, आणि दोघंही जवळजवळ पळतच निघालेले.

थोरली म्हणाली, "दमानं जावा रं लेकरांनू."

भिवा पळता पळताच म्हणाला, "व्हय आजी, एका दमातच चाललोय."

"दमानं, दमानं!" थोरली मागून ओरडली. भिवाला वाटलं, आजी आपल्याला जोर देतेय. त्यानं पाय आणखी उचलला.

पहिलीला हौसानं ओटी भरली, हात जोडले, डोळे मिटले न मिटले तोच भिवा म्हणाला, "चल." दुसरीला रांग होती. तिथं त्यानं दोघा-तिघांना बाजूला सारून हौसाला पुढं घातलं. एक बाई म्हणाली, "अरं बाबा, आमची बी देवीच हाय न्हवं?" भिवानं ऐकलं नाही. दुसरीची ओटी भरताना हौसाच्या हातून तांदूळ सांडले. उचलायला ती वाकली तर भिवानं दंडाला धरून उठवली.

तिसरीला गर्दी फारच होती. ढोल वाजत होते, झांजा वाजत होत्या, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. ऊन वर चढलं होतं. भिवानं हिशेब केला की अशा चालीनं दुपारच्या आत माथा गाठणं काही जमायचं नाही. मग त्यानं एक युक्ती काढली. ओटी तर बायकोनंच भरायची असते. तिनं चौथी, पाचवी, सहावी करत यावं आणि आपण सरळ वर जाऊन सातवीच्या रांगेत उभं राहावं. दोघांची मिळून एकच खेप धरली जाईल. तसं त्यानं हौसाला रांगेतच सांगून ठेवलं. आजकाल रांगेत चप्पल ठेवून नंबर धरतात, तसलाच प्रकार.

खांद्यावर पोर घेऊन धावता येणार नव्हतं. म्हणून त्यानं राईला ठाण्याच्या बाजूला, कपारीच्या सावलीतल्या काळ्या दगडावर बसवलं आणि ओटी भरत असलेल्या हौसाला मागून ओरडून सांगितलं, "राई हितं बसलीय, घे बरं का तिला."

नेमकं त्याच वेळी तिसरीच्या ठाण्यावरच्या गुरवानं हौसाला विचारलं, "झाली का ओटी भरून?"

हौसा म्हणाली, "हां."

तो "हां" भिवानं आपल्याला धरला आणि गेला. हौसाला त्याचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. तिनं वळून बघितलं तर भिवा नाही आणि राई नाही. तिला वाटलं, राई बापाच्या खांद्यावर आहे. सकाळपासून होतीच की. गाठोडं उचलून ती चौथीच्या वाटेला लागली. उलट तिला जरा हलकंच वाटलं म्हणे, की भरभर चालता येतंय.

आमच्या आत्या इथपर्यंत आल्या की ऐकणाऱ्या बायका हातातलं पोर जवळ ओढून घ्यायच्या. मीही घेत असे.

हौसानं चौथी केली, पाचवी केली, सहावी केली. तिला नंतर विचारलं तर यातल्या एकीचंही तोंड आठवत नव्हतं. शेंदूर होता एवढंच आठवत होतं. माथ्यावर ती पोचली तेव्हा तिचा ऊर भात्यासारखा वरखाली होत होता. भिवा रांगेत अगदी पुढं होता. सावली पायात येत आली होती, पण अजून पुरती आली नव्हती. भिवानं तिचा हात धरून तिला दारात ओढलं आणि दुसरा हात घंटेच्या दोरीला घातला. एकदा घंटा वाजली की काम झालं.

सातवीचा पुजारी तेव्हा बयाजी गुरव होता, थोरलीचा मुलगा. तो कुणालाही आत घेताना विचारायचा. त्यानं विचारलं, "कुणासाठी आलाय?"

भिवा म्हणाला, "लेकीसाठी. राई नाव तिचं. बोलत न्हाई."

बयाजी म्हणाला, "आणा की मग पुढं. अंगारा लावतो."

भिवानं हौसाकडं बघितलं. हौसानं भिवाच्या खांद्याकडं बघितलं.

"आण की गं," भिवा म्हणाला.

"मी कुठनं आणू? तुमच्यापाशी हाय न्हवं?"

"तुझ्यापाशी दिली की तिसरीला! हां म्हणालीस."

"मी तिथल्या गुरवाला म्हणाले हां!"

बरोबर त्या वेळी सावली पायात आली, असं सांगतात. भिवाच्या हातातली दोरी सुटली. घंटा वाजली नाही. बयाजी गुरव हातात अंगाऱ्याची वाटी घेऊन तसाच उभा राहिला. मागं रांगेतली माणसं म्हणायला लागली, "अहो चला की, वेळ चाललीय." हौसा तिथंच उंबऱ्यावर वळली आणि तिनं सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "राईऽऽ!"

हाक मारली आणि मग तिच्या ध्यानात आलं. ओ येणार नव्हती. पोर दोन हातांच्या अंतरावर उभी असती तरी ओ येणार नव्हती.

 पण ती बसली नाही, खाली पळत सुटली. मागून भिवा. सहावीला विचारलं, पाचवीला विचारलं, "एकटी पोर बघितली का?" कुणी बघितली नव्हती. ज्याला त्याला वर जायची घाई. प्रत्येक जण पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत चालला होता. भिवाच्या पायात काटा मोडला, तरी तो लंगडत येत राहिला.

चौथीला एक कासारीण बांगड्या घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "परकर कसला हाय पोरीचा?"

"हिरवा," भिवा म्हणाला.

"जांभळा," हौसा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. खरा रंग दोघांनाही ठाऊक नव्हता. अंधारात नेसवला होता आणि त्यानंतर दिवसाच्या उजेडात तिच्याकडं कुणी नीट बघितलंच नव्हतं.

कासारीण जिभेनं तिखट होती. म्हणाली, "गाठोडं इसरलं न्हाई, नारळ इसरलं न्हाई, लेक तेवढी इसरलासा व्हय? जिच्यासाठी आलासा तीच इसरली?" आणि मग तिलाच कसंतरी वाटलं असावं. बांगड्यांवर पदर टाकून तीही उठली आणि आजूबाजूच्या बायकांना हाका मारून सांगायला लागली, "अगं बघा गं, बारकी पोर हाय, बोलत न्हाई, कुठं दिसती का बघा." डोंगरावर त्या दिवशी पहिल्यांदा माणसं थांबली ती तिच्यामुळं.

हौसा तोवर तिसरीला पोचली होती. गर्दी पांगली होती. ऊन नुसतं रखरखत होतं. ठाण्यापुढं, जिथं तिनं ओटी भरली होती, तिथं कुणी नव्हतं. तांदळाचे दाणे होते आणि ते टिपणारी पाखरं होती. बाजूच्या काळ्या दगडावर एक म्हातारी घोंगडं पांघरून बसली होती. हौसानं तिच्याकडं नुसती नजर टाकली. राई नाही, एवढंच दिसलं. तिला वाटलं, पोर माणसांच्या मागं मागं खाली गेली असणार. खालच्या अंगाला कडा आहे. त्या विचारासरशी ती खालच्या वाटेनं पळत सुटली.

मागून आवाज आला, "दम."

सकाळपासून दम हा शब्द तिनं इतक्यांदा ऐकला होता की तिला त्याचा राग आला. न वळताच ती ओरडली, "दम कसला खाऊ? माझी लेक हरवलीय!"

पुन्हा आवाज आला. बारीक, चिरका, पहिल्यांदाच वापरल्यासारखा. "आये, दम."

हौसा जागच्या जागी थांबली. तिला आये म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते कधी म्हणालं नव्हतं.

तिनं वळून बघितलं. म्हातारीच्या घोंगड्याच्या आडून राई डोकं बाहेर काढून बघत होती. सकाळपासून ती तिथंच होती. बापानं जिथं बसवलं तिथंच. परकर हिरवाही नव्हता आणि जांभळाही नव्हता. पिवळा होता.

हौसा कशीबशी दगडापाशी आली आणि बसली. पोरीला जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले, तर डोळे कोरडेच होते. ती रडली नव्हती. तिच्या ओठाला पाणी लागलेलं होतं आणि मुठीत थोडा गूळ होता. म्हातारी म्हणाली, "सकाळधरनं जाणाऱ्या येणाऱ्याला सांगतीया, दम खा गं, दम खा रं. एक बी बसलं न्हाई. ही एकटी बसली माझ्यासंगं. हिनंच ऐकलं."

एवढं बोलून म्हातारीनं काठी घेतली आणि ती उठली. घोंगडं दगडावर तसंच राहिलं. हौसानं मान वर केली तेव्हा ती कपारीच्या पलीकडं गेलेली होती. काही म्हणतात, ती तिसरी बहीणच होती, माणसांची वाट बघून बघून खाली येऊन बसलेली. काही म्हणतात, पलीकडच्या वस्तीवरची कुणी धनगरीण होती, धाप लागली म्हणून टेकलेली. आमच्या आत्यांना कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "कोण का असंना. बसली हुती, हे खरं."

थोड्या वेळानं भिवा लंगडत आला. त्यानं दोघींना बघितलं, गुडघ्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं श्वास घेतला. हौसानं सांगितलं, "बोलली. आये म्हणाली."

 भिवानं डोंगराच्या माथ्याकडं बघितलं आणि तो म्हणाला, "अजून दिस हाय. सातवी तेवढी राहिली. पोरीला घेऊन वर जाऊ या का? पुरतं हुईल."

ही गोष्ट ऐकताना इथं बायका हसतात. पण तो वाईट माणूस नव्हता. अशी माणसं रोज आमच्या दुकानावरून जातात.

हौसा म्हणाली, "तुमी जावा. मी बसलीया."

भिवा उभा राहिला. एकदा वर बघितलं, एकदा लेकीकडं बघितलं. राईनं हातातला गुळाचा खडा त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली, "दम."

तेव्हा तो बसला. तिघं त्या दगडावर ऊन उतरेपर्यंत बसून होती, असं सांगतात. भिवानं पायातला काटा काढला. हौसानं तिसरी बहीण पहिल्यांदा नीट बघितली. तिचा एक डोळा झिजून बारीक झालेला आहे, तो तिला तेव्हा दिसला. आजही बघा, दिसतो. पण बसल्याशिवाय नाही.

आता कुणी असं समजू नका की त्या दिवसापासून राई घडाघडा बोलायला लागली. तसं झालं नाही. कितीतरी दिवस तिला दोनच शब्द येत होते, आये आणि दम. मग हळूहळू पाणी आलं, भाकरी आली, बाबा आलं. काही शब्द अडखळतच राहिले, ते शेवटपर्यंत. पण हाकेला ओ द्यायला ती शिकली. हौसानं गळ्यातले दोरे एकेक करून सोडले. पुढच्या चैत्रात ते पुन्हा आले ते तिसरीपर्यंतच आले. बसले, ओटी भरली, माघारी गेले. त्याच्या पुढच्या वर्षी चौथीपर्यंत गेले. असं करत करत सातवीच्या दारात पोचले, तेव्हा राई चांगली उंच झाली होती. बयाजी गुरवाचे केस पांढरे झाले होते. त्यानं विचारलं, "कुणासाठी आलाय?" आणि उत्तर राईनं दिलं. अडखळत दिलं, पण स्वतः दिलं. ती काय म्हणाली ते कुणी सांगत नाही. ते तिचं आणि देवीचं.

म्हातारीचं घोंगडं फाटल्यावर भिवानं नवीन विणून दगडावर अंथरलं. विणताना त्यात त्यानं मुद्दाम एक पिवळा धागा घातला, म्हणजे परकराचा रंग पुन्हा विसरायला नको. तिसरीला लोक दमाई म्हणायला लागले ते तेव्हापासून.

आजही चैत्रात सणगरांच्या घरातून नवीन घोंगडं येतं आणि त्यात एक पिवळा धागा असतो. आजही बाराला घंटा वाजत नाही. आजही वरचा गुरव प्रत्येकाला दारात विचारतो, "कुणासाठी आलाय?" आणि ज्याच्यासाठी आलाय ते माणूस डोंगरावर बरोबर आलेलं असेल तर म्हणतो, "आणा पुढं." वाटेत मागं राहिलेलं असेल तर तो दार अडवत नाही. नुसता बाजूला उभा राहतो आणि वाट बघतो. मग आत जाणाऱ्यालाच त्या माणसाशिवाय पुढं जावंसं वाटत नाही.

आता डांबरी रस्ता झाला आहे. गाड्या येतात, त्यांच्या काचेवर लिहिलेलं असतं, सात देवी एका दिवसात. म्हणजे "एका दमात" अजून फिरतंच आहे. ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवत राहतो आणि माणसं पायऱ्यांवर फोटो काढत धावतात. मागच्या जत्रेत एक गाडी आपल्या आजोबांना दमाईच्या दगडावर बसलेले ठेवूनच पुढच्या देवाला निघून गेली. प्रत्येकाला वाटलं, ते मागच्या सीटवर असतील. आजोबांनी आमच्या दुकानात चहा घेतला, आत्यांशी गप्पा मारल्या, माझ्या धाकट्याला मांडीवर झोपवलं. घाबरलेली मुलं परत आली तेव्हा तेच म्हणाले, "बसा जरा, आलासा तर." मी मात्र तोपर्यंत चार वेळा रस्त्यावर जाऊन बघून आले होते.

एवढीच गोष्ट. आता एक विनंती आहे. तुम्ही खाली उतराल, घरी जाल, कुणी विचारेल की त्या डोंगराला कसं जायचं. तेव्हा घाईत सांगू नका, आणि गर्दीत सांगू नका. ऐकणाऱ्याला आधी खाली बसवा. मग सांगा, सात बहिणी दमानं कराव्या. सांगून झालं की त्याच्याकडून तो शब्द एकदा म्हणवून घ्या. "एका दमात" म्हणाला तर पुन्हा सांगा.